संगणक-नियंत्रित प्लाझ्मा कर्तन यंत्र : ओळख, पारख आणि निवड

लोखंडकामाच्या कोणत्याही कारखान्यात पाऊल ठेवले, की दोन कामे प्रामुख्याने चाललेली दिसतात : कापणे आणि जोडणे. त्यांपैकी जोडणीचे, म्हणजे वेल्डिंगचे कौशल्य सर्वांच्या नजरेत भरते. कापण्याच्या कामाकडे मात्र काहीसे दुर्लक्ष होते. वास्तविक मालाचा दर्जा, वाया जाणारा पत्रा आणि काम वेळेत पूर्ण होणे या तिन्ही गोष्टी कापण्यावरच बऱ्याच अंशी ठरतात. काप तिरका आला, तर फट भरण्यासाठी वेल्डिंगची तार अधिक जाते, ग्राइंडरवर एक माणूस दिवसभर अडकून पडतो आणि ग्राहकाला दिलेला शब्द पाळला जात नाही.

कोल्हापूर, भोसरी, सातपूर येथील असोत, की राजकोट, कोइम्बतूर, लुधियाना किंवा जमशेदपूरजवळच्या आदित्यपूर येथील असोत, लघुउद्योजकांसमोर आज एक समान प्रश्न उभा आहे. मोठ्या कंपन्या सुटे भाग मागवताना कागदावरच्या आराखड्याऐवजी संगणकीय आराखडा पाठवतात आणि पहिल्या नगापासून शंभराव्या नगापर्यंत माप तेच असावे, अशी अपेक्षा करतात. हाताने चालवलेल्या टॉर्चने ही अपेक्षा पूर्ण होणे कठीण असते. अशा वेळी संगणक-नियंत्रित प्लाझ्मा कर्तन यंत्राचा विचार मनात येतो. परंतु हा खर्च लहान कारखान्याच्या दृष्टीने मोठा असतो आणि निवड चुकली, तर यंत्र कोपऱ्यात उभे राहते व कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून यंत्राचे कार्य समजून घेणे, माहितीपत्रकातील आकड्यांचा अर्थ जाणणे आणि आपल्या कामाचा प्रामाणिक हिशेब मांडणे या तीन पायऱ्या खरेदीपूर्वी ओलांडल्याच पाहिजेत. प्रस्तुत लेखाचा उद्देश तोच आहे.

प्लाझ्मा म्हणजे काय?

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकलो. वायूला आणखी प्रचंड ऊर्जा दिली, की त्याच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू विजेचा वाहक बनतो. ही पदार्थाची चौथी अवस्था. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तिला 'प्लाझ्मा' हे नाव दिले. आकाशात चमकणारी वीज हे तिचे निसर्गातील सर्वपरिचित उदाहरण होय.

धातू कापण्यासाठी या अवस्थेचा उपयोग १९५० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांनी वेल्डिंगची विद्युत ज्योत बारीक छिद्रातून जाण्यास भाग पाडली. ज्योत आवळली गेल्याने ती अधिक तापली, अधिक वेगवान झाली आणि धातू जोडण्याऐवजी कापू लागली. या पद्धतीचे पेटंट १९५७ मध्ये मिळाले. आजची सर्व प्लाझ्मा यंत्रे मूलतः याच तत्त्वावर चालतात.

टॉर्चच्या आत मध्यभागी तांब्याचा इलेक्ट्रोड असतो. हवा किंवा ऑक्सिजन वापरणाऱ्या संचांत त्याच्या टोकाशी हाफ्नियम या धातूचा लहानसा ठिपका बसवलेला असतो. इलेक्ट्रोडभोवती तांब्याचेच नोझल असते. आरंभी इलेक्ट्रोड आणि नोझल यांच्यात एक छोटी मार्गदर्शक ज्योत पेटते. ती पत्र्याजवळ येताच विद्युतप्रवाह पत्र्यातून वाहू लागतो आणि मुख्य ज्योत निर्माण होते. म्हणूनच पत्र्याला 'अर्थ'चा चिमटा घट्ट लावणे अत्यावश्यक असते. ज्योतीच्या गाभ्याचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. लोखंड १,५३८ अंशांना वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ज्योतीच्या सामर्थ्याची कल्पना येते. उष्णतेने धातू वितळतो आणि वेगवान वायू तो वितळलेला रस खाली उडवून देतो. वितळवणे आणि उडवणे या दोन क्रिया एकाच वेळी घडतात, यातच या पद्धतीच्या वेगाचे रहस्य आहे.

गॅस कटिंगहून वेगळेपण

आपल्याकडील बहुतांश कारखान्यांत ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन किंवा एलपीजी यांच्या साहाय्याने गॅस कटिंग केले जाते. त्यात ज्योतीने लोखंड लालबुंद करून त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात. लोखंड अक्षरशः जळते आणि त्याचा ऑक्साइड वितळून वाहून जातो. साध्या पोलादाला ही पद्धत उत्तम लागू पडते. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांवर मात्र तयार होणारा ऑक्साइडचा थर मूळ धातूपेक्षा अधिक तापमानाला वितळतो. तो थर धातूचे जणू कवच बनतो आणि काप पुढे सरकत नाही.

प्लाझ्माला ही अडचण येत नाही, कारण त्यात धातू जाळायचा नसून वितळवायचा असतो. विद्युतवाहक असलेला कोणताही धातू प्लाझ्माने कापता येतो. शिवाय पत्रा आधी तापवण्यात वेळ जात नाही. १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात गॅस कटिंगची टॉर्च मिनिटाला साधारणतः अर्धा मीटर पुढे जाते. ८५ अँपिअरचा हवेवर चालणारा प्लाझ्मा संच तेवढ्याच वेळात दीड मीटरच्या आसपास काप घेतो. वेग अधिक असल्यामुळे उष्णता पत्र्यात कमी पसरते आणि पातळ पत्रा वाकण्याचे प्रमाणही घटते.

तथापि पत्रा ५० मिलिमीटरहून अधिक जाड असेल, तर साध्या पोलादासाठी गॅस कटिंग आजही स्वस्त आणि भरवशाचे ठरते. जुने ते सारेच टाकाऊ नसते, हे येथे लक्षात ठेवावे. अनेक प्लाझ्मा टेबलांवर याच कारणासाठी गॅसची दुसरी टॉर्च बसवण्याची सोय ठेवलेली असते.

संगणक नेमके काय करतो?

आकड्यांच्या साहाय्याने यंत्र चालवण्याची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी मांडली आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अशा यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक झाले. त्या यंत्राला छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीतून आज्ञा मिळत असत. आज ते काम संगणकातील फाइल करते.

कामाचा क्रम साधारणतः असा असतो. प्रथम भागाचा आराखडा संगणकावर काढला जातो. दुसऱ्या पायरीला नेस्टिंगची प्रणाली सर्व भाग पत्र्यावर कमीत कमी जागेत मांडते. तिसऱ्या पायरीला टॉर्च कोठे पेटवावी, कोणत्या वाटेने जावी, कोठे विझवावी याच्या आज्ञा तयार होतात. शेवटी यंत्रावरील नियंत्रक त्या आज्ञांनुसार मोटारी फिरवतो.

नेस्टिंगचे महत्त्व एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल. १,५०० बाय ३,००० मिलिमीटर मापाच्या आणि १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ३५३ किलो भरते. समजा, हाताने खडूने आखण्याऐवजी संगणकीय मांडणी केल्याने त्यातील आठ टक्के धातू वाचला, तर प्रत्येक पत्र्यामागे सुमारे २८ किलोची बचत होते. महिन्याला असे २० पत्रे कापणाऱ्या कारखान्यात ही बचत ५६५ किलोंच्या घरात जाते. पोलादाचा त्या दिवसाचा दर आणि भंगाराचा दर यांतील फरकाने हा आकडा गुणून पाहावा. यंत्राच्या हप्त्याचा काही भाग येथेच सुटू शकतो.

ज्योत पत्र्यातून जाताना स्वतःच्या रुंदीएवढा धातू खाते. मध्यम क्षमतेच्या संचांत ही रुंदी दीड ते दोन मिलिमीटर असते. तिची भरपाई आज्ञांमध्ये केली नाही, तर बाहेरील भाग लहान आणि छिद्रे मोठी होतात. दुसरी गोष्ट म्हणजे टॉर्चमधील वायू गोल फिरत बाहेर पडतो. त्यामुळे टॉर्च ज्या दिशेने जाते, तिच्या उजव्या बाजूची कड अधिक सरळ येते आणि डावी कड किंचित तिरकी येते. यासाठी भागाची बाहेरील कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि आतील छिद्रे उलट दिशेने कापतात, म्हणजे सरळ कड कामाच्या भागाकडे राहते आणि तिरकी कड भंगारात जाते. विक्रेत्याचा तंत्रज्ञ प्रात्यक्षिक दाखवत असताना या एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्याच्या जाणकारीची कल्पना येते.

टॉर्चची उंची : दर्जाची गुरुकिल्ली

टॉर्च आणि पत्रा यांतील अंतर हवेवर चालणाऱ्या संचांत जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास राखावे लागते. अंतर वाढले तर काप तिरका येतो. कमी झाले तर नोझल पत्र्याला घासून निकामी होते. पत्रा तर उष्णतेने वाकत-फुगत असतो. म्हणून यंत्राला स्वयंचलित उंची-नियंत्रण असणे अत्यंत गरजेचे आहे. ज्योतीची लांबी वाढली, की तिच्यावरील व्होल्टेज वाढते, या गुणधर्माचा येथे उपयोग केला जातो. व्होल्टेज वाढले की नियंत्रक टॉर्च खाली आणतो, घटले की वर नेतो.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा माहीत असाव्यात. कोपऱ्यावर टॉर्चचा वेग मंदावतो, तेथील धातू अधिक वितळून जातो, ज्योत लांबते आणि नियंत्रकाला वाटते की टॉर्च वर गेली आहे. तो तिला खाली ढकलतो आणि ती पत्र्यावर आदळते. चांगला नियंत्रक कोपऱ्यावर उंची-नियंत्रण क्षणभर रोखून धरतो. तसेच इलेक्ट्रोड झिजत जातो, तसतशी ज्योत आतून लांब होते. व्होल्टेज पूर्वीचेच ठेवले, तर टॉर्च हळूहळू पत्र्याच्या अधिकाधिक जवळ येऊ लागते. अनुभवी चालक हे ओळखून व्होल्टेज किंचित वाढवतो. उंची-नियंत्रण नसलेले किंवा हलक्या दर्जाचे यंत्र स्वस्त दिसते खरे. पण वाया गेलेली नोझले आणि नाकारलेले भाग यांतून ती स्वस्ताई लवकरच महाग पडते.

निवड करताना : आठ कसोट्या

१. आपले काम कोणते? गेल्या सहा महिन्यांची बिले काढावीत आणि कोणत्या धातूचे, कोणत्या जाडीचे, किती टन काम केले याचा तक्ता करावा. दहापैकी आठ कामे ज्या जाडीची असतील, त्या जाडीसाठी यंत्र निवडावे. वर्षातून एकदा येणाऱ्या ४० मिलिमीटरच्या पत्र्यासाठी मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. ते काम बाहेरून करून घेता येते.

२. जाडीचे तीन आकडे. माहितीपत्रकात ठळक छापलेली जाडी ही बहुधा पत्रा कसाबसा दुभंगण्याची कमाल मर्यादा असते. दर्जेदार काप मिळण्याची जाडी त्याहून कमी असते. संगणकीय टेबलावर काप पत्र्याच्या मधूनच सुरू करावा लागतो, त्यामुळे आपल्या दृष्टीने महत्त्वाची असते ती छेदन क्षमता. साधारणतः ४५ अँपिअरचा संच १२ मिलिमीटर, ६५ अँपिअरचा १६ मिलिमीटर आणि ८५ अँपिअरचा २० मिलिमीटरच्या आसपास पोलाद मधून छेदू शकतो. विक्रेत्याकडून हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत.

३. कार्यचक्र. '६० टक्के कार्यचक्र' याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे ज्योत पेटती ठेवता येते आणि चार मिनिटे विश्रांती द्यावी लागते. हा आकडा कोणत्या अँपिअरला आणि कोणत्या बाह्य तापमानाला दिला आहे, ते विचारावे. विदर्भात, राजस्थानात किंवा तेलंगणात पत्र्याच्या छपराखालील मे महिन्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, याचा विसर पडू नये. दिवसभर चालणाऱ्या कामासाठी आपल्या नेहमीच्या अँपिअरला १०० टक्के कार्यचक्र असलेला संच घेणे श्रेयस्कर.

४. टेबल आणि चौकट. टॉर्च वाहून नेणारा आडवा पूल हलका, पण ताठ असावा आणि तो दोन्ही बाजूंच्या मोटारींनी ओढला जावा. एकाच बाजूने ओढला जाणारा रुंद पूल कोपऱ्यात थरथरतो आणि ती थरथर कापात उमटते. टेबलाचे माप आपण नेहमी खरेदी करतो त्या पत्र्याच्या मापानुसार ठरवावे. पत्रा चढवण्या-उतरवण्यासाठी भोवती मोकळी जागा व क्रेनची सोय आहे का, हेही पाहावे. सर्व्हो मोटार आपल्या जागेची माहिती नियंत्रकाला परत कळवते. स्टेपर मोटार सामान्यतः तसे करत नाही, मात्र ती स्वस्त असते.

५. हवा. प्लाझ्मा संचाच्या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारींचे मूळ दमट किंवा तेलकट हवेत सापडते. कोकणात, मुंबईत, गोव्यात किंवा केरळात पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत भराभर पाणी साचते. ते टॉर्चपर्यंत पोहोचले, तर इलेक्ट्रोड आणि नोझल यांचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून पुरेशा क्षमतेचा कॉम्प्रेसर, हवा सुकवणारे ड्रायर आणि तेल रोखणारे फिल्टर यांचा खर्च आरंभीच अंदाजपत्रकात धरावा.

६. वीज. ८५ अँपिअरचा प्रवाह आणि सुमारे १४० व्होल्ट यांचा गुणाकार १२ किलोवॅटच्या जवळ जातो. संचातील विजेची घट, कॉम्प्रेसर, ड्रायर आणि धूर खेचणारा पंखा यांचा भार त्यात मिळवावा आणि वीज वितरण कंपनीकडील आपला मंजूर भार पुरेसा आहे का, हे तपासावे. भार वाढवून मिळण्यास लागणारा वेळही लक्षात घ्यावा. टेबलासाठी स्वतंत्र आणि चांगले अर्थिंग असावे. उच्च वारंवारितेच्या ठिणगीने पेटणाऱ्या संचांमुळे संगणकात व्यत्यय येण्याची शक्यता असते. संगणकीय टेबलासाठी अशा ठिणगीविना पेटणारा संच अधिक सोयीचा.

७. संगणक प्रणाली. आराखडा, नेस्टिंग आणि नियंत्रण या तिन्हींसाठी लागणाऱ्या प्रणाली किमतीत समाविष्ट आहेत का, परवाना कायमचा आहे की दरवर्षी शुल्क भरावे लागते, आणि यंत्रावरील पडद्याची भाषा आपल्या चालकाला समजते का, हे विचारावे. बेकायदा प्रत वापरण्याच्या मोहात पडू नये.

८. झिजणारे भाग आणि सेवा. इलेक्ट्रोड, नोझल, भोवरा-कडे आणि बाहेरील ढाल हे भाग झिजतच असतात. त्यांची झीज मुख्यतः ज्योत पेटण्याच्या आणि विझण्याच्या वेळी होते. त्यामुळे लहान-लहान छिद्रांचे काम अधिक असेल, तर हा खर्च वाढतो. इलेक्ट्रोडच्या टोकाशी सुमारे १ मिलिमीटर खोल खड्डा पडला, की तो बदलावा. अधिक ताणल्यास टॉर्चच जळते आणि तिची किंमत इलेक्ट्रोडच्या कितीतरी पट असते. हे भाग आपल्या गावापर्यंत किती दिवसांत पोहोचतात आणि बिघाड झाल्यास तंत्रज्ञ कोठून येतो, याची लेखी हमी घ्यावी.

मर्यादांचे भान

प्लाझ्मा हा सर्व व्याधींवरील एकच रामबाण उपाय नव्हे. पातळ पत्र्यावरील नाजूक आणि काटेकोर कामात फायबर लेसर निश्चितच सरस ठरतो. त्याचा काप अरुंद व कड जवळजवळ काटकोनात येते. उष्णतेचा जराही परिणाम नको असेल, तेथे पाण्याच्या झोताने कापणे योग्य. मध्यम ते जाड पत्रे, बांधकामाचे साहित्य, शेती अवजारे, ट्रॉली, टाक्या, यंत्रांचे सांगाडे अशा कामांत प्लाझ्मा आपले स्थान टिकवून आहे.

छिद्रांच्या बाबतीतही सावध राहावे. पत्र्याच्या जाडीहून कमी व्यासाचे छिद्र प्लाझ्माने समाधानकारक होत नाही. अशा ठिकाणी टॉर्चने खूण करून ड्रिलने छिद्र पाडावे. तसेच हवेने कापलेल्या पोलादी कडेत हवेतील नायट्रोजन शोषला जातो. ती कड कठीण बनते, तीत आटे पाडणे जड जाते आणि वेल्डिंगमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. महत्त्वाच्या सांध्यांपूर्वी ती कड घासून घ्यावी किंवा ऑक्सिजनवर चालणारा संच निवडावा.

कापाच्या दर्जासाठी आयएसओ ९०१३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. कडेची काटकोनता त्यात १ ते ५ अशा श्रेणींत मांडली असून १ ही सर्वांत काटेकोर श्रेणी होय. आपल्या ग्राहकाला कोणती श्रेणी हवी आहे, हे त्याला आधीच विचारले, तर पुढील वादाचे कारण उरत नाही.

हप्त्याचा आणि कामाचा मेळ

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू : हे यंत्र आपल्याला परवडेल का? पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, टेबल, प्लाझ्मा संच, कॉम्प्रेसर, ड्रायर आणि उभारणी मिळून २० लाख रुपये खर्च येतो. त्यातील ५ लाख रुपये उद्योजकाने स्वतः घातले आणि १५ लाख रुपयांचे मुदत कर्ज ६० महिन्यांसाठी, वार्षिक १० टक्के दराने घेतले. मासिक हप्ता सुमारे ३१,८७० रुपये होतो. चालकाचे वेतन, देखभाल, विमा, जागा यांसाठी महिन्याला आणखी ३३,१३० रुपये धरले, तर स्थिर खर्च ६५,००० रुपये झाला. ज्योत पेटती असलेल्या प्रत्येक तासाला वीज, हवा आणि झिजणारे भाग मिळून ३०० रुपये लागतात आणि बाजारात त्याच एका तासाच्या कापाचे ९०० रुपये मिळतात, असे मानू. म्हणजे प्रत्येक तासामागे ६०० रुपये स्थिर खर्च भागवण्यासाठी उरतात. ६५,००० ला ६०० ने भागल्यास १०८ तास येतात. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले, तर रोज सुमारे ४ तास २० मिनिटे ज्योत पेटती राहिली पाहिजे.

हा आकडा नीट समजून घ्यावा. आठ तासांच्या पाळीत पत्रा चढवणे, भाग उचलणे, टेबलावरील भंगार काढणे, नोझल बदलणे यांत बराच वेळ जातो. यंत्र 'दिवसभर चालू' असणे आणि ज्योत चार तासांहून अधिक पेटती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले स्वतःचे काम महिन्याला ६० तासांचेच असेल, तर ते बाहेरून करून घेण्यास ५४,००० रुपये लागतील. स्वतःच्या यंत्रावर त्याच कामाला ८३,००० रुपये पडतील. अशा उद्योजकाने थांबणे, किंवा उरलेले तास भरून काढण्यासाठी परिसरातील कारखान्यांकडून जॉबवर्कच्या लेखी मागण्या मिळवणे इष्ट. याउलट काम १५० तासांचे असेल, तर बाहेरचा खर्च १,३५,००० आणि घरचा खर्च १,१०,००० रुपये होतो. महिन्याला २५,००० रुपये वाचतात. पत्र्याची बचत आणि वेळेवर पुरवठा केल्याने टिकून राहणारा ग्राहक हा लाभ वेगळाच.

जॉबवर्कचे पैसे उशिरा मिळाले, तर हप्ता चुकण्याचा धोका असतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना मालाचे वा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत मिळावेत, अशी तरतूद २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. उद्यम नोंदणी केलेली असल्यास या हक्काचा आधार घेणे सोपे जाते. त्याचप्रमाणे यंत्र खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेणार असाल, तर त्या कराच्या रकमेवर आयकरात घसारा घेता येत नाही. याबाबत आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

सुरक्षितता : टाळता न येणारा खर्च

प्लाझ्माची ज्योत डोळ्यांना व त्वचेला घातक अशी अतिनील किरणे फेकते. योग्य छटेचा चष्मा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि कानांचे संरक्षण चालकाला दिलेच पाहिजे. टॉर्चवरील व्होल्टेज जीवघेणे असते. नोझल बदलण्यापूर्वी संच बंद करण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

स्टेनलेस स्टील कापताना निघणाऱ्या धुरात क्रोमियमची कर्करोगकारक संयुगे असतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापल्यास त्या धुराने थंडी-ताप भरतो. धूर खाली खेचून गाळणारे टेबल किंवा पाण्याचे टेबल यासाठीच असते. मात्र पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापताना विशेष दक्षता हवी. वितळलेल्या ॲल्युमिनियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, तो पत्र्याखाली साचतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. पाण्यात हवा खेळवण्याची व्यवस्था आणि तळाचा गाळ नियमित काढणे हे त्यावरील उपाय आहेत. निर्मात्याच्या सूचना वाचल्याशिवाय असे काम हाती घेऊ नये. ठिणग्या दूरवर उडतात. म्हणून रंग, थिनर, पोती यांना यंत्राजवळ थारा देऊ नये आणि अग्निशामक साधन हाताशी ठेवावे.

खरेदीपूर्वी आणि बँकेत येण्यापूर्वी

निर्णय घेण्यापूर्वी आपलाच पत्रा आणि आपलाच आराखडा घेऊन विक्रेत्याकडे जावे. त्यात एक तीक्ष्ण कोपरा, एक वर्तुळ, पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट व्यासाचे एक छिद्र आणि एक लांब सरळ रेषा असावी. तोच भाग दहा वेळा कापून घ्यावा. पहिल्या आणि दहाव्या नगाचे माप पडताळावे, कड गुण्याने तपासावी आणि खाली चिकटलेला मळ हातोडीच्या हलक्या ठोक्याने निघतो का, ते पाहावे. सहज निघणारा जाड मळ वेग कमी असल्याचे सांगतो. घट्ट चिकटलेला बारीक मळ वेग अधिक असल्याचे दर्शवतो. तेच यंत्र वापरणाऱ्या किमान दोन कारखानदारांना विक्रेत्याच्या अनुपस्थितीत भेटावे.

बँकेकडे येताना किमान दोन विक्रेत्यांची सविस्तर दरपत्रके, उद्यम नोंदणी, मागील वर्षांची विवरणपत्रे, हाती असलेल्या मागण्या आणि वर दाखवल्याप्रमाणे तासांचा हिशेब बरोबर आणावा. दरपत्रकात कॉम्प्रेसर, ड्रायर, वीजजोडणी, उभारणी आणि प्रशिक्षण यांचा समावेश आहे ना, हे पाहावे. हे खर्च नंतर खेळत्या भांडवलातून भागवले, की पत्रा खरेदीलाच पैसे उरत नाहीत. यंत्र उभे राहून उत्पादन स्थिरावेपर्यंतच्या काळासाठी हप्त्यांना सवलतीची मुदत मिळू शकते का, याची चर्चा आधीच करावी. तारणाची अडचण असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी भारत सरकार आणि सिडबी यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या पत हमी निधी न्यासाची योजना आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिच्यातील हमीपात्र कर्जाची मर्यादा १० कोटी रुपये करण्यात आली आहे. आपला उद्योग या योजनेत बसतो का, हे शाखेतील अधिकारी सांगू शकतील.

यंत्र कितीही उत्तम असले, तरी ते चालवणारा माणूस तयार नसेल, तर ते लोखंडच राहते. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे गॅस कटिंग करणारा कारागीर संगणकाच्या धास्तीने मागे राहतो आणि नवख्या मुलाला यंत्रावर बसवले जाते. वास्तविक ज्योतीचा आवाज, ठिणग्यांचा कोन आणि कडेचा पोत यांवरून काप ओळखणारी नजर त्या जुन्या कारागिराकडे असते. नवख्याला पडदा समजतो, जुन्याला धातू समजतो. दोघांना एकत्र प्रशिक्षण दिले, तर यंत्र लवकर रुळते आणि कारखान्यातील अनुभवही वाया जात नाही.

तेव्हा उद्योजक बंधु-भगिनींनो, विक्रेत्याला दूरध्वनी करण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांच्या बिलांची फाइल उघडावी, कापाचे तास मोजावेत आणि तो कागद घेऊन आपल्या शाखेत यावे. आकडे अनुकूल असतील, तर कर्जाचा प्रस्ताव त्यांच्याच बळावर उभा राहील. आकडे प्रतिकूल असतील, तर यंत्र न घेण्याचा निर्णय हाही तितकाच मोलाचा व्यावसायिक निर्णय ठरेल.